सहावीच्या मुलांना 'समस्या आणि उपाय' लिहायला शिकवताना अडलेय (विषय: विहिरीत पडलेला बिबट्या)

वस्तीशाळा

नमस्कार. जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. पट २६. त्यातली ५ मुलं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली, हंगाम संपला की जातील.

दोन आठवड्यांपूर्वी शाळेजवळच्या एका विहिरीत रात्रीतून बिबट्या पडला. सकाळी शाळा भरली तेव्हा वर्गात ७ जण. बाकीची कुठे होती ते सांगायला नको. दुपारी साडेतीनच्या सुमाराला पिंजऱ्यातून वर काढला, तेव्हाचा गलका आम्हाला वर्गात बसून ऐकू आला.

मला वाटलं, विषय आयता दारात आलाय. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'विहिरीत पडलेला बिबट्या : समस्या आणि उपाय'. एक तास दिला.

२६ पैकी १९ वह्यांची सुरुवात 'प्राणी हे आपले मित्र आहेत' नाहीतर 'प्रत्येक जिवाला जगण्याचा हक्क आहे'. उपाय विचारू नका. झाडे लावावीत. जनजागृती करावी. शासनाने याकडे लक्ष द्यावे. प्राण्यांवर दया करावी. एका पठ्ठ्याने लिहिलंय, 'सर्व विहिरी बुजवाव्यात.' याच्या बापाचे दोन एकर टोमॅटो त्याच विहिरीवर आहेत!

आता गंमत बघा. मधल्या सुट्टीत एक मुलगा मला सांगत होता, "बाई, तो मोटरच्या पाइपाला मिठी मारून बसलेला. हात सुटला की बुडायचा, नाकातून पाणी उडवायचा आन् परत पाइप धरायचा." असं डोळ्यांपुढे उभं केलं पोराने. वहीत यातलं अक्षर नाही. का रे नाही लिहिलंस, विचारलं तर म्हणतो, "ते निबंधात लिहायचं असतं व्हय?"

हे ऐकून मी गप्प बसले, कारण नसतं लिहायचं हे त्याला आम्हीच शिकवलंय.

आणि एक वही वेगळीच. एका मुलीने फक्त दोन ओळी लिहिल्या. 'आमच्या दोन शेळ्या त्यानेच नेल्या. त्याला वर काढायला नको होतं.' शेरा काय द्यावा कळेना. सही न करता वही परत दिली. त्याची टोचणी अजून आहे.

तर या मुलांकडून खरं लिहून कसं घ्यायचं? प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार हे साचे मला पाठ आहेत, ते कृपया सुचवू नका. आणि त्या दोन ओळींचं काय करू?

पाटीपेन्सिल

बाई, ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालोय. निबंध तपासून तपासून लाल शाईची ॲलर्जी झाली म्हणा ना.

पहिलं काम, फळ्यावरून 'समस्या' हा शब्द पुसा. तो पेपरातला शब्द आहे. पोरांच्या घरी कुणी 'आमच्यापुढे समस्या आहे' म्हणत नाही, 'अडचण झालीय' म्हणतात. आणि अडचण म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुणाला? तिथेच निम्मं काम होतं. समस्या कुणाचीच नसते. अडचण मात्र कुणाची तरी असते.

माझ्या वर्गात एकदा कुत्र्याचा विषय निघाला होता. गावातल्या एका कुत्र्याचं तोंड प्लास्टिकच्या बरणीत अडकलेलं, दोन दिवस तसंच फिरत होतं. पोरांनी छान छान लिहिलं, प्लास्टिकबंदी व्हावी वगैरे. मी विचारलं, अरे पण बरणी निघाली कशी? मग एकेक बोलायला लागला. कुत्रं हाताला लागेना. एकाने भाकरी दाखवली, पण त्याला खाता कुठे येत होती? मग दोघांनी मागून पोतं टाकलं. ओढून निघेना. कान आड येत होते. शेवटी पत्रा कापायच्या कात्रीने कडेने कापली. म्हटलं, आता हे लिहा. आणि खाली एक रेघ मारून लिहा, बरणी उकिरड्यावर आली कुठून.

रेघेच्या वर आजचा उपाय. रेघेच्या खाली, परत होऊ नये म्हणून काय. मुलं या दोन्हींची नेहमी भेसळ करतात. मोठी माणसंही करतात, पण त्यांना आपण मार्क देत नाही.

त्या मुलीच्या दोन ओळी सगळ्या वर्गात उत्तम आहेत. तिने 'कुणाला अडचण' याचं उत्तर न विचारता दिलंय. तिला लिहितं ठेवा, समजावत बसू नका.

दोर_आणि_बाज

नाशिक-जुन्नर पट्ट्यात वनखात्याच्या लोकांबरोबर अशा कामाला हातभार लावायला जातो, म्हणून लिहितोय. शिकवण्यातलं मला काही कळत नाही, पण मुलांना काय विचारता येईल ते सांगू शकतो. कारण काठावर उभं राहून मुलं बघतात ते आणि खरं काय चाललेलं असतं ते, यात फरक आहे.

बिबट्याला पोहता येतं. तो बुडतो ते दमून. म्हणून आत सोडायची पहिली वस्तू पिंजरा नसते, ती असते बाज, म्हणजे दोरीची खाट. चारी कोपऱ्यांना सोल (जाड दोर) बांधून उलटी किंवा सुलटी, जशी मिळेल तशी. नाहीतर फळी, नाहीतर टायर. त्याला बूड टेकायला जागा झाली की निम्मी लढाई संपली. मग तो तासन्‌तास बसू शकतो आणि आपल्याला पिंजरा मागवायला वेळ मिळतो. मुलांना विचारा, "बाज कुणाच्या घरची होती?" बहुतेक वेळा जवळच्या वस्तीवरची असते, आणि परत मिळते तेव्हा झोपण्यालायक राहिलेली नसते. ही एक अडचण. निबंधात कुणी लिहीत नाही.

"बेशुद्धीचं इंजेक्शन का मारत नाहीत?" हे काठावरचे सगळे ओरडत असतात. पाण्यातल्या जनावराला भूल दिली तर ते बुडून मरेल, एवढं साधं कारण आहे. मुलांना हे कारण स्वतः शोधू द्या, पाच मिनिटांत सापडेल त्यांना.

मग पिंजरा. दार वर ओढून धरलेलं, दोराचं टोक वर एका माणसाच्या हातात. पिंजरा बाजेला टेकवायचा आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच जमत नाही. खाली तो भेदरलेला असतो, वर पाचशे माणसं आणि तितकेच मोबाइल. काही वेळा आम्ही पिंजराच लावत नाही. लांब शिडी सोडायची, गर्दी हटवायची, दिवे बंद. पहाटे विहीर रिकामी. सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे, पण तो गावाला आवडत नाही, कारण बिबट्या 'गेला' हे दिसत नाही.

"जंगलात सोडावे" हे तुमच्या वर्गात किती जणांनी लिहिलंय? त्यावर मात्र एक तास घालवा, कारण आपल्या तालुक्याने याची किंमत मोजलेली आहे. २००१ च्या आसपास पकडलेले बिबटे लांब नेऊन सोडायचं ठरलं. हेतू चांगलाच होता. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या नोंदी तपासल्या. त्याआधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होते, ते या काळात १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, ताणाखालचं जनावर. ज्याला उपाय म्हटलं त्यातूनच नवी अडचण निघाली.

आणि बिबट्याचं 'जंगल' म्हणजे तरी काय? २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला असाच एक नर विहिरीत पडला. माग काढता येईल अशी कॉलर गळ्यात लावून त्याला माळशेज भागात सोडला. तो चालत सुटला, सुमारे १२० किलोमीटर, आणि थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या बाजूला पोचला. त्याला आजोबा असं नाव पडलं. कुठे सोडावं हे आपण ठरवलं, कुठे जावं हे त्याने. सहावीच्या मुलांना हा नकाशावर काढू द्या, बघा काय प्रश्न विचारतात.

एक काळजीचं. या वयाची मुलं लिहितात तेव्हा स्वतःलाच नायक करतात. 'मी दोर टाकला, बिबट्याने दोर धरला.' हे हसून सोडू नका. 'हे करणारा कोण?' हा प्रश्न प्रत्येक उपायाला विचारायला लावा. अकरा वर्षांच्या मुलाने करायच्या गोष्टी तीनच : काठापासून लांब राहणं, मोठ्या माणसाला सांगणं, आणि १९२६ वर फोन करायला लावणं. वनखात्याची हेल्पलाइन आहे. विहिरीच्या काठाची माती भिजलेली असते, गर्दीत माणूसच आत जातो.

बांधावरचा

सगळं वाचलं. शिरूर भागात शेती करतो. राग मानू नका, पण तुमच्या चर्चेत बिबट्या वाचतो कसा यावर दहा ओळी, आणि रात्री दीडला थ्री फेजची लाइट आल्यावर उसाला पाणी द्यायला कोण जातं यावर एकही नाही. माझी पोरं पाचनंतर अंगणात खेळत नाहीत. जळण आणायला बाई गेली तर दुसरी बाई मागे थाळी वाजवत जाते.

त्या मुलीने लिहिलं ते आमच्या इथली शंभर माणसं बोलतात. तिला 'दया' शिकवू नका एवढीच विनंती.

वस्तीशाळा

@बांधावरचा, राग नाही. मी याच गावात राहते, संध्याकाळी शाळेतून घरी जाताना मीही मोबाइलवर मोठ्याने गाणी लावते. दया शिकवायची नाही, हे तर मी धाग्याच्या सुरुवातीलाच रडतेय.

@दोर_आणि_बाज, १४ जणांनी लिहिलंय 'जंगलात सोडावे'. मीही आतापर्यंत त्यावर बरोबरची खूण करत आलेय.

खाडीपलीकडे

ताई, माझं माहेर मंडणगड तालुक्यातलं, म्हणून तिथल्या वेळास गावच्या समुद्री कासवांचं उदाहरण देते. तुमच्या बिबट्यापेक्षा सोपं आहे, कारण कासव कुणाची शेळी नेत नाही.

आमच्या लहानपणी समुद्रकाठी अंडी सापडली की ती काढून खायची किंवा विकायची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कोल्हे-कुत्री उरलेली उकरायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी, भाऊ काटदरे आणि मंडळींनी, तिथं घरटी राखायला सुरुवात केली. अंडी जाळीच्या कुंपणात तशाच खोल खड्ड्यात ठेवायची, पिल्लं निघाली की पाण्याकडे सोडायची. पण नुसतं 'अंडी काढू नका' म्हणून भागलं नसतं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, बघायला माणसं यायला लागली, त्यांना जेवायला-राहायला घरं लागली. ज्या घरांना अंड्यांचे चार पैसे मिळत होते त्यांना उकडीच्या मोदकांचे मिळायला लागले.

माझ्या भाचीने शाळेत यावर लिहिलं होतं. तिच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, 'अंडी काढणारा माणूस आता काय करतो?' पोरगी घरी येऊन आजोबांना विचारत बसली. त्या एका प्रश्नावर तिने दीड पान जास्त लिहिलं.

पाटीपेन्सिल

वर 'बाज कुणाच्या घरची' आणि इथे 'तो माणूस आता काय करतो'. बाई, तुम्हाला तुमचे दोन प्रश्न मिळाले की. आता लिहून घेतलंत की कळवा, नाहीतर इथले धागे असेच लोंबकळतात.

वस्तीशाळा

कळवते. दहा दिवस लागले, मध्ये क्रीडास्पर्धा आल्या.

आधी लिहायलाच दिलं नाही. विहीरमालकांना विचारून मुलांना तिथं नेलं, काठापासून वीस पावलांवर बसवलं आणि एकेकाला 'त्या दिवशी तू कुठे उभा होतास' एवढंच विचारलं. तासभर बोलत होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की विहिरीला कठडा नाही, आणि काठाने घाणेरीची झुडपं अशी माजलीत की दिवसासुद्धा कड कुठली ते कळत नाही. तो कुत्र्यामागे आला असेल, असं एकाचं म्हणणं. मांजरामागे, असं दुसऱ्याचं. तो वाद मिटलेला नाही.

घरी जाताना विहिरी मोजायचं काम दिलं. लांबूनच, आणि बरोबर मोठं माणूस हवं, या अटीवर. आमच्या शाळेच्या वाटांवर १७ विहिरी निघाल्या, ११ ना कठडा नाही. ही यादी मुलांनी केलीय. मी दहा वर्षं त्याच वाटेने येतेय, मला आकडा माहीत नव्हता.

मग पान दुमडून, रेघ मारून लिहायला दिलं. पाइपाला मिठी मारलेला बिबट्या शेवटी वहीत आला! विहिरी बुजवणाऱ्याने आता लिहिलंय, 'विहीर बुजवली तर आमचे टोमॅटो जळतील आणि पप्पा मला मारतील. म्हणून हा उपाय रद्द.' उपाय खोडून त्याचं कारण लिहिणारा माझ्या नोकरीतला हा पहिलाच.

जंगलाचंही बोलणं निघालं. फळ्यावर नकाशा काढून १२० किलोमीटरची रेघ ओढली. एका मुलीने विचारलं, "बाई, तो उसात जन्मला असंल तर त्याला जंगल म्हणजे काय ते तरी कसं कळंल?" अडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. मादी तिथंच विते, पिल्लं तिथंच मोठी होतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गाचं मत दोन्हीकडे गेलं आणि घंटा झाली.

सगळ्यात अनपेक्षित लिहिलं ते टोळीतल्या एका मुलाने. एरवी तो मागच्या बाकावर असतो, हजेरीपुरता बोलतो. त्याने विहिरीवर लिहिलंच नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या फडात ऊस तोडताना दोन बछडे सापडले, त्यावर लिहिलं. वनरक्षक आले, बछडे तपासून क्रेटमध्ये ठेवले, आणि जिथं सापडले तिथंच संध्याकाळी क्रेट ठेवून सगळ्यांना लांब जायला सांगितलं. कॅमेरा लावला. रात्री आई आली आणि एकेक करून घेऊन गेली. हे आमच्याकडे दर हंगामात घडतं, पेपरात फोटो येतो, सगळे 'माय-लेकरांची भेट' म्हणून हळहळतात. याच्या वहीत मात्र पुढे असं आहे (शुद्धलेखन त्याचंच ठेवलंय) :

'त्या दिवशी फड दुपारीच बंद झाला. दुसऱ्या दिवशी पन सकाळी उशीरा चालू झाला. आम्हाला टनावर पैसे भेटत्यात. दीड दिवस कोयता बंद. बछडे आईला भेटले ते चांगलं झालं. आमचे दीड दिवसाचे कोन देनार ते मुकादमाला विचारलं तर तो हसला. उपाय : ज्या फडात बछडे सापडतील त्या टोळीला त्या दिवसाचे पैसे द्यावे म्हंजे टोळीवाले लपवनार नाहीत आणि लगेच सांगतील.'

'म्हंजे' नंतरचं वाक्य मी तीनदा वाचलं. वनखात्याच्या ओळखीच्या एका ताईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, हे खरं आहे, पण आमच्याकडे खर्चाचं असं काही शीर्षक नाही, पैसे कशातून दाखवणार.

आणि ती मुलगी. तिला मी काही समजावलं नाही. पाटीपेन्सिल सरांच्या सांगण्याप्रमाणे फक्त विचारलं, शेळ्या गेल्या त्या रात्री काय झालं ते लिहिशील का. तिने पाऊण पान लिहिलं. गोठ्याला एका बाजूला नुसती तुऱ्हाट्यांची ताटी होती. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा आई रडत नव्हती, शेळ्यांची वयं सांगत होती. त्यांतली एक गाभण होती. शेवट असा :

'मला अजून वाटतं त्याला वर काढायला नको होतं. पण विहिरीला कठडा पाहिजे होता. कठडा असता तर तो पडला नसता आणि काढायचं का नाही ते कोणाला ठरवावं लागलं नसतं. गोठ्याला पण जाळी पाहिजे होती.'

या वेळी सही केली. शेरा दिला नाही, सुचलाच नाही.

कठड्याच्या कामासाठी मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिलाय, ११ विहिरींची यादी जोडून. ग्रामसेवक म्हणाले खासगी विहिरी आहेत, मालकांना सांगा. मालकांपैकी दोघे वर्गातल्याच मुलांचे वडील. त्यातले एक ही घाणेरी तोडतो म्हणालेत, कठड्याचं बघू म्हणाले.

बांधावरचा

टोळीतल्या पोराला माझा रामराम सांगा. आणि गोठ्याच्या जाळीला वरूनही झाकण लागतं म्हणावं त्या पोरीला, नुसती कडेने लावून उपयोग नाही. आमची अशीच गेली, वरून.

दोर_आणि_बाज

कठडा किती उंचीचा लिहिलाय मुलांनी अर्जात? बऱ्याच जणांना वाटतं तो बिबट्याला अडवण्याएवढा उंच हवा. तेवढा बांधायला कुणी तयार होत नाही आणि मग काहीच होत नाही. बिबट्या मनात आलं तर सहज उडी मारून जाईल त्यावरून. कठडा हवा तो अंधारात पळताना इथे कड आहे एवढं त्याला कळावं म्हणून.

वस्तीशाळा

सहा फूट लिहिलाय! मालक 'बघू' का म्हणाले ते आत्ता कळलं. उद्या पहिल्या तासाला अर्ज परत काढते.